हवेतल्या टनाला गिऱ्हाईक कोण?

आइसलँडची राजधानी रेक्याविकपासून थोड्या अंतरावर हेल्लिशेइदी हे भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. त्याच्या शेजारी ‘क्लाइमवर्क्स’ या स्विस कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘ऑर्का’ नावाचा कारखाना सुरू केला. मोठाले पंखे हवा आत ओढतात आणि गाळणीवरचं रसायन त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. गाळणी तापवली की तो सुटा होतो. मग पाण्यात विरघळवून तो जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडतात, म्हणजे सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे त्याच जातीच्या खडकात. खडकातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन साधारण दोन वर्षांत त्याचा दगड होतो. ऑर्काची क्षमता वर्षाला ४,००० टन. मे २०२४ मध्ये तिथेच ‘मॅमथ’ उभा राहिला. त्याची कागदावरची क्षमता ३६,००० टन. दोन्ही कारखाने अजून कागदावरच्या आकड्याच्या बरेच मागे आहेत.

रसायनशास्त्राच्या अंगाने हे काम होतं, यात शंका उरलेली नाही. अडचण दुकानदारीत आहे. या कारखान्याचा माल गिऱ्हाइकाच्या हाती कधीच पडत नाही.

विकलं काय जातं?

पैसे मोजणाऱ्याला एक दाखला मिळतो: तुमच्या नावाने एवढे टन हवेतून काढले आणि पुरले. त्याचा फायदा सगळ्या पृथ्वीला सारखा वाटला जातो. पैसे देणाऱ्याच्या वाट्याला येतो तो आठशे कोटींतला एक हिस्सा, आणि न देणाऱ्यालाही तेवढाच. अशा मालाला आपोआप मागणी निर्माण होत नाही. गावातल्या सांडपाण्याचं तसंच असतं. भुयारी गटार सगळ्यांना हवं असतं, पण ते वर्गणी काढून कोणी बांधत नाही. नगरपालिका कर लावते आणि न भरणाऱ्याकडून वसूल करते. वातावरणाला नगरपालिका नाही. या विषयातले बहुतेक सगळे वाद इथूनच सुरू होतात.

आणखी एक घोळ सुरुवातीलाच निस्तरायला हवा. ‘कार्बन क्रेडिट’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. कोणी जंगल तोडणार होतं ते तोडलं नाही, म्हणजे उत्सर्जन टळलं. सिमेंट कारखान्याच्या धुराड्यातला वायू बाहेर पडण्याआधीच पकडला, म्हणजे नवी भर थांबली. आणि आधीच हवेत गेलेला कार्बन परत काढून घेतला, म्हणजे साठा कमी झाला. या लेखात फक्त तिसऱ्याची गोष्ट आहे. पहिल्या प्रकारात एरवी काय घडलं असतं याचा अंदाज विकला जातो, आणि त्या बाजाराची पत गेल्या काही वर्षांत बरीच घसरली. तिसऱ्याला त्या बदनामीचा फटका विनाकारण बसतो, तर कधी त्याच बदनामीतून सुटण्यासाठी त्याचं नाव वापरलं जातं.

किती काढायचा आहे?

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ४२० च्या पुढे गेले आहेत. इंधनं आणि सिमेंट मिळून जग दरवर्षी जवळजवळ ३७ अब्ज टन वायू सोडतं. उलट दिशेने माणूस मुद्दाम काढतो तो दोन अब्ज टनांच्या थोडा वर, आणि तोही जवळपास सगळा झाडं लावून, जंगलं वाढवून. यंत्रं, बायोचार, दगडाची भुकटी अशा नव्या पद्धतींचा एकत्रित वाटा वर्षाला तेरा लाख टनांच्या आसपास. एवढा वायू जग अठरा-वीस मिनिटांत सोडतं.

मग कशाला हा खटाटोप? एप्रिल २०२२ च्या अहवालात आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने स्पष्ट म्हटलं की निव्वळ शून्य गाठायचं तर काही प्रमाणात कार्बन काढणं अटळ आहे. वीज आणि मोटारी स्वच्छ करता येतील. भातखाचरातला मिथेन, खतांतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड, लांब पल्ल्याची विमानं, सिमेंटमधला चुना भाजताना निघणारा वायू, ही शिल्लक राहणार. शतकाच्या मध्याला वर्षाला सात ते नऊ अब्ज टन काढावे लागतील असे अंदाज आहेत. टनाला १०० डॉलर धरले तरी आठ अब्ज टनांचे ८०० अब्ज डॉलर होतात, दरवर्षी. आणि १०० डॉलर हा धंद्यातल्या लोकांनी स्वतःसमोर ठेवलेला भाव आहे. यंत्राने काढलेला टन आज त्याच्या कित्येक पट महाग पडतो.

भावातला फरक कुठून येतो?

झाडाने धरलेला टन काही डॉलरपासून काही दशक डॉलरांपर्यंत मिळतो. शेतातला काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा, म्हणजे बायोचार, शंभर-दोनशे डॉलरला पडतो. बेसाल्टची भुकटी शेतात पसरून काढलेला टन काहीशे डॉलरचा. हवेतून थेट यंत्राने काढलेला टन सर्वांत महाग.

यंत्र महाग पडतं, कारण कार्बन डायऑक्साइड हवेत फक्त ०.०४ टक्के आहे. एक टन गोळा करायला प्रचंड हवा गाळावी लागते आणि गाळणी पुन्हा पुन्हा तापवावी लागते. उष्णता आणि वीज मिळून टनामागे दोन ते अडीच हजार युनिट ऊर्जा जाते. हा आकडा आपल्याकडे लावून बघा. भारतीय ग्रिडवरच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. दोन हजार युनिट ग्रिडवरून घेतले तर १.४ टन. म्हणजे एक टन काढायला त्याहून जास्त सोडायचा! हेल्लिशेइदीला जमिनीतून येणारी फुकटासारखी उष्णता आहे, म्हणून ते यंत्र तिथे आहे. कोळशावर चालणाऱ्या ग्रिडला ते जोडणं निव्वळ वेडेपणा ठरेल. यंत्रासाठी वेगळी सौरवीज उभारायची म्हटलं, तरी तीच वीज कोळसा बंद करायला वापरली तर टनाचा हिशेब कितीतरी स्वस्तात जमतो.

पाण्याचाही प्रश्न आहे. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायू पुरायला साधारण पंचवीस टन पाणी लागतं. दहा हजार लिटरचे अडीच टँकर. आपल्याकडे दख्खनचा बेसाल्ट पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे हे वाचून हुरळून जाणाऱ्यांनी मराठवाड्यातला एप्रिल आठवावा. समुद्राच्या पाण्यावर प्रयोग झाले आहेत. पण दख्खनच्या खडकातल्या भेगांमध्ये लोकांच्या विहिरी आणि बोअर आहेत, ही गोष्ट वेगळीच.

भुकटीची पद्धत आपल्याला जवळची आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, बेसाल्ट झिजवतं, आणि कार्बन बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रात जातो. हे निसर्गात लाखो वर्षं चालू आहे. दगड बारीक दळला की वेग वाढतो. छत्तीसगडमधल्या लहान भातशेतकऱ्यांच्या शेतात हेच करणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. दगडखाणींवर पडून असलेल्या भुकटीला असा भाव येईल असं क्रशरवाल्यांच्या स्वप्नातही नसेल. मात्र आपली काळी जमीन मुळात बेसाल्टचीच, अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त. तिथे ही क्रिया आम्ल जमिनीइतकी जोमाने होण्याची शक्यता कमी. तत्त्वतः कोकणची आम्ल, पावसाळी जमीन जास्त योग्य ठरेल. पण खरी डोकेदुखी मोजणीची आहे. एकाच बांधातल्या दोन ठिकाणच्या मातीत फरक असतो; पाच वर्षांत नेमका किती कार्बन पाण्याबरोबर गेला हे कशावरून ठरवायचं?

मागणी तयार करण्याचे तीन प्रयोग

पहिला प्रयोग लसींच्या जगातून उसना घेतलेला आहे. न्यूमोकोकस जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियावरची लस गरीब देशांना परवडेना, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून कंपन्या कारखाने वाढवेनात. २००९ मध्ये काही देशांनी आणि गेट्स फाउंडेशनने दीड अब्ज डॉलर बाजूला ठेवले: लस बनवा, ठरलेल्या भावाने आम्ही घेऊ. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर या कल्पनेचे एक जनक. तिचं उत्तम फळ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘न्यूमोसिल’मध्ये दिसलं, डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली आणि पुढे गरीब देशांसाठीचा डोस दोन डॉलरवर आला. एप्रिल २०२२ मध्ये स्ट्राइप, अल्फाबेट, मेटा, शॉपिफाय आणि मॅकिन्झी यांनी ‘फ्रंटियर’ स्थापन करून ९२.५ कोटी डॉलरची तशीच आगाऊ हमी कार्बन काढणाऱ्यांना दिली.

कल्पना चांगली आहे, तुलना मात्र लंगडी पडते. लसीची हमी संपल्यावरही मुलं जन्माला येतात, लसीकरण चालू राहतं, सरकारांना ती लागतेच. कार्बनच्या टनाची हमी संपली की पुढचा खरेदीदार कोण? ज्या दिवशी कायदा कोणाला तरी टन विकत घ्यायला भाग पाडेल त्या दिवशी हा बाजार स्वतःच्या पायावर उभा राहील. तोपर्यंत तो काही कंपन्यांच्या मर्जीवर आहे. कंपन्या अनेक म्हणतानाही जीभ अडखळते, कारण टिकाऊ टनांच्या खरेदीत एकट्या मायक्रोसॉफ्टचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. एका खरेदीदाराने हात आखडता घेतला तर अख्खा धंदा बसेल.

दुसरा प्रयोग अमेरिकेचा: करसवलत. ‘४५ क्यू’ या कलमाखाली २०२२ पासून हवेतून काढून कायमचा पुरलेल्या टनाला १८० डॉलर मिळतात. शिवाय २०२१ च्या कायद्यात चार मोठ्या केंद्रांसाठी साडेतीन अब्ज डॉलरची तरतूद होती. सरकार बदललं तशी ती अनुदानं डळमळीत झाली, करसवलत टिकली. पण कशी टिकली ते बघण्यासारखं आहे. २०२५ च्या नव्या कायद्याने तेलविहिरीत वायू दाबून आणखी तेल काढणाऱ्यालाही कायमचा पुरणाऱ्याइतकीच सवलत दिली. पूर्वी ती कमी होती. टेक्सासमध्ये वर्षाला पाच लाख टनांचा ‘स्ट्रॅटोस’ उभारणारी ऑक्सिडेंटल ही तेलकंपनीच आहे, आणि या तंत्रामुळे तेलधंद्याला आणखी कित्येक दशकं चालू राहण्याची मुभा मिळेल असं तिच्या प्रमुख विकी हॉलब यांनी २०२३ मध्ये उघड सांगितलं होतं. टीकाकारांची जी भीती होती ती त्यांनी धोरण म्हणून मांडली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

तिसरा प्रयोग स्वीडनचा, आणि मला तो सर्वांत सरळ वाटतो. सरकारने उलटा लिलाव केला: कमीत कमी पैशांत कोण टन काढून देतो ते सांगा. जानेवारी २०२५ मध्ये स्टॉकहोम शहराला उष्णता पुरवणाऱ्या ‘स्टॉकहोम एक्सर्गी’ या कंपनीला १५ वर्षांसाठी २० अब्ज क्रोना मंजूर झाले. लाकडाचा उरलासुरला चुरा जाळून निघणारा वायू पकडायचा आणि पुरायचा, वर्षाला आठ लाख टन. सरकारी हिस्सा टनामागे साधारण सोळा-सतराशे क्रोना पडतो. तरीही एक गाठ आहेच. याच प्रकल्पाचे टन मायक्रोसॉफ्टनेही घेतले आहेत. म्हणजे तोच टन देशाच्या वहीत उतरणार आणि कंपनीच्या वहीतही.

पुरलेला टन पुरलेलाच राहिला, याची हमी

कॅलिफोर्नियाच्या कार्बन बाजारात जंगलमालकांना क्रेडिट विकताना काही हिस्सा एका सामायिक राखीव साठ्यात ठेवावा लागतो. आग लागली, कीड पडली, तर नुकसान त्यातून भरून काढायचं. हिशेब शंभर वर्षांचा. २०२२ मध्ये ‘कार्बनप्लॅन’ या संस्थेच्या अभ्यासात दिसलं की शंभर वर्षांच्या आगींसाठी ठेवलेल्या हिश्शाचा किमान ९५ टक्के भाग दहाएक वर्षांतच संपला होता.

म्हणून झाडाचा टन स्वस्त आणि दगडाचा महाग, यात अन्याय नाही; दोन्ही वेगळे माल आहेत. कोळशाच्या रूपात कोट्यवधी वर्षं जमिनीत असलेला कार्बन जाळायचा आणि त्याच्या बदल्यात पन्नास वर्षांचं झाड दाखवायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे. म्हणून झाडं लावू नयेत असं नाही. झाडं पाण्यासाठी, मातीसाठी, सावलीसाठी लावावीत. विमानाच्या तिकिटाची पापं धुण्याचं ओझं त्यांच्यावर टाकू नये.

समुद्रातला एक जुना खटला

नियम कसे चुकीच्या माणसाला पकडतात, याचं उदाहरण गोव्याशी जोडलेलं आहे. दक्षिण महासागरात लोह कमी असतं. ते मिसळलं तर सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतील, कार्बन शोषतील आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जातील, अशी कल्पना होती. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ती तपासायचं ठरवलं. जानेवारी २००९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ हे जहाज केप टाउनहून निघालं. मोहिमेचं नाव ‘लोहाफेक्स’, नेतृत्व वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांचं.

आदल्याच वर्षी बॉनमध्ये जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी किनाऱ्याजवळचे लहान शास्त्रीय प्रयोग सोडून सगळ्या लोहपेरणीला मनाई करणारा ठराव केला होता. पर्यावरण संघटनांनी आवाज उठवला, जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवायची मागणी केली, आणि जहाज भर समुद्रात परवानगीची वाट पाहत राहिलं. तज्ज्ञांचे अहवाल मागवून जानेवारीअखेर संशोधन मंत्रालयाने हिरवा कंदील दिला. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं गेलं. वनस्पती वाढल्या, पण त्या पाण्यात सिलिकॉन कमी असल्याने जड कवचाचे डायटम वाढले नाहीत. बाकीच्यांना कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी फस्त केलं. तळाशी गेलेला कार्बन नगण्य. प्रयोग यशस्वी झाला तो याच अर्थाने की धंद्याची एक आशा त्याने मोजमाप करून फोल ठरवली.

तीन वर्षांनी, २०१२ मध्ये, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे हायडा ग्वाय बेटांजवळ एका बोटीतून सुमारे १०० टन लोहयुक्त भुकटी समुद्रात ओतली गेली. साल्मन मासे वाढतील आणि कार्बन क्रेडिट विकता येतील, असा बेत होता. जगाला बातमी कळली ती काम उरकल्यावर. पुढच्या वर्षी लंडन प्रोटोकॉलमध्ये अशा उद्योगांना बांधणारी दुरुस्ती मंजूर झाली. पुरेशा देशांनी मान्यता न दिल्याने ती आजतागायत लागू झालेली नाही. सांगून-सवरून, दोन सरकारांच्या पैशाने गेलेलं जहाज अडवलं गेलं, आणि बोट निवांत परतली.

पंच कोणाचा?

आज टन तपासणाऱ्या नोंदणी संस्था बहुतांश खासगी आहेत, आणि अनेकांची फी टन विकणाऱ्याकडूनच येते. विक्रेत्याला जास्त टन हवेत, घेणाऱ्याला स्वस्त दाखला हवा. टन खरा असावा अशी गरज त्या टेबलावर बसलेल्या कोणाचीच नाही. सरकारं उशिरा का होईना हलली आहेत. युरोपीय संघाचा कार्बन काढण्याच्या प्रमाणपत्रांचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला आणि त्याने निदान एक बरं केलं: शतकानुशतकं टिकणारा साठा, शेतजमिनीतला कार्बन आणि इमारतीच्या लाकडासारख्या वस्तूंतला कार्बन यांचे वेगळे वर्ग केले. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखालच्या बाजारासाठी कार्बन काढण्याचे मापदंड नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत स्वीकारले गेले. त्या यंत्रणेच्या सचिवालयाने मे २०२३ मध्ये यांत्रिक पद्धती अजून सिद्ध झालेल्या नाहीत असं टिपण काढलं होतं, त्यावर उद्योगाने बरीच आदळआपट केली होती.

भारताच्या वहीत

भारताने २०७० चं निव्वळ शून्य जाहीर केलं आहे आणि जून २०२३ मध्ये स्वतःच्या कार्बन बाजाराची योजना अधिसूचित केली आहे. पण हवेतला आजवरचा साठा ज्यांनी केला त्यांच्यात आपला वाटा तीन-चार टक्क्यांचा, अमेरिकेचा चोवीस-पंचवीस. काढण्याचं बिल वाटायची वेळ आली की हे प्रमाण टेबलावर यायलाच हवं. अडचण अशी की आपल्याकडे मजुरी, काडीकचरा आणि जमीन स्वस्त, म्हणून टनही स्वस्त. श्रीमंत देशांतल्या कंपन्या तो इथून घेतात. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून बायोचारचे एक लाख टन घेण्याचा करार केला. वर्षभराने मायक्रोसॉफ्टने त्याच कंपनीशी २०२९ पर्यंत एक लाखाहून अधिक टनांचा करार केला. कच्चा माल, महाराष्ट्रातल्या कापसाची पऱ्हाटी.

राज्यात कापूस चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून बांधावर जाळतात. गुलाबी बोंडअळीचे कोष मरावेत म्हणूनही ती शेतात ठेवत नाहीत. ती भट्टीत गेली तर धूर वाचेल, बायोचार मातीत मुरेल, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील. प्रकल्पाला माझा विरोध नाही. पण करार वाचताना काही गोष्टी शोधाव्यात. जी पऱ्हाटी एरवी चुलीत सरपण म्हणून जायची, तिचा हिशेब वेगळा धरला आहे का, की सगळीच जळून जाणार होती असं गृहीत धरलं आहे? सरपण गेल्यावर त्या घरात काय जळतं? शेतकऱ्याला पैसे काडीच्या वजनावर मिळतात की विकलेल्या टनाच्या भावावर? बायोचार एकदा नांगरून मातीत गेला की त्याची जबाबदारी कोणावर: कंपनीवर, नोंदणी संस्थेवर, की सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्यावर? आणि हा टन परदेशी कंपनीने स्वतःच्या खात्यात घेतला, तर तो भारताच्या खात्यातून वजा होतो का? कंपन्या स्वेच्छेने घेतात त्या टनांना अशी वजावट आज सक्तीची नाही.